बंबासाठी चेनसॉ

साठीला आलेल्या बाईनं स्वतःसाठी काय विकत घ्यावं, याबद्दल आमच्या नातेवाइकांची मतं ठाम आहेत. गुडघ्याचा पट्टा चालतो. काशीयात्रेचं तिकीट चालतं. फारच हौस असेल तर मोत्यांच्या कुड्या चालतात, कारण हैदराबादेत राहून मोती नसतील तर राहायचं तरी कशाला! मी चेनसॉ घेतला. लाकडं कापायचा, साखळीचा, घर्रर्र करणारा. पुण्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं, शिवणयंत्राची काहीतरी नवी जात असेल. तिनं अभिनंदनही केलं.

तिला हसण्यात अर्थ नाही. आमच्या घरी अजून लाकूड लागतं, हेच कुणाच्या गळी उतरत नाही. नल्लकुंट्यात चहूबाजूंनी अपार्टमेंट उभी राहिली, मधे आमचं जुनं माडीचं घर, आणि त्याच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब. पोटात नळकांडं, नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. वरून गार पाणी ओतायचं आणि तोटीतून कढत घ्यायचं. शेजारच्या तेलुगू बाईंकडे पाहुणे आले की त्या कुंपणावरून त्यांना आमचा बंब दाखवतात. चारमिनार झाल्यावर आमचाच नंबर असावा.

बंब पेटवायचा मान माझ्या सासऱ्यांचा. मामंजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्यालाही आता जमाना झाला. वय नव्वदीकडे झुकलेलं. लग्न झालं तेव्हापासून पहाटे उठून ते सासूबाईंसाठी पाणी तापवत. त्या काळी बायकोच्या आंघोळीचं पाणी तापवणारा नवरा म्हणजे गल्लीला फुकटची करमणूक. पण मामंजी फक्त वरिष्ठांच्या शेऱ्यांना घाबरत, गल्लीला नाही. पहिली बादली सासूबाईंची, आणि ती त्या वाफाळलेली, तशीच घेत. दुसरी माझी. मी तिच्यात निम्मं विसण ओतत असे, कारण मला कढत पाणी सोसत नाही. सासूबाई बाहेरून म्हणायच्या, ‘‘हिची आंघोळ विसणाचीच. बंबाला उगाच तकलीफ.’’

सासूबाई गेल्या, पण पहिली बादली निघायची थांबली नाही. मामंजी ती भरून न्हाणीच्या दाराशी ठेवतात, वर ताटली झाकतात. तिला कुणी हात लावायचा नाही. निवली की ते ती स्वतः कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओततात. मी गणिताची मास्तरीण, काचीगुड्याच्या शाळेत पोरांना नळ आणि हौदाची गणितं घालण्यात जन्म गेला. पाण्याची नासाडी मला बघवत नाही. पण या बादलीबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

तर गेल्या वैशाखात एका संध्याकाळी वावटळ आली आणि मागच्या अंगणातला कडुनिंब आडवा झाला. बंब वाचला, संडासाचा पत्रा गेला. झाड तोडणारे आले, त्यांनी मजुरीत खोड नेलं आणि मनगटाएवढ्या, दंडाएवढ्या फांद्यांचा ढीग आम्हाला ठेवला. मामंजी त्या ढिगाभोवती एखाद्या जमीनदारासारखे फिरले. कारण अंबरपेठेतली लाकडाची वखार नुकतीच बंद झाली होती; तिच्या जागी आता फर्निचरचं दुकान यायचं होतं. म्हणजे तिथेही लाकूडच, पण जाळता न येणारं.

माझा नवरा घरूनच लोकांची आयकराची कामं करतो. स्वभावानं गरीब, पण एकदा सुधारणा डोक्यात शिरली की शिरली. जेवताना तो म्हणाला, ‘‘बाबा, वखार गेली. हा ढीग कापायला माणूस मिळत नाही. घरात गिझर आहे. धूर, विस्तव, तुमचं वय... आता बंब काढून टाकूया का?’’

मामंजी भात संपवून उठले.

दुसऱ्या दिवशी ते पहाटे उठले नाहीत. आठ वाजले, ऊन खिडकीत आलं, तरी भिंतीकडे तोंड करून पडून. ताप नाही, खोकला नाही. ‘‘उठून काय करू?’’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी तेच. आमचं दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजतं. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी भांडलेसुद्धा नाहीत. मला फार भीती वाटली. पहाटे बंब पेटवायचा म्हणूनच हा माणूस अंथरुणातून उठतो आहे, हे मला इतक्या लख्ख कधी दिसलं नव्हतं. बंब गेला तर मागोमाग हे जाणार.

मी नवऱ्याला माडीच्या जिन्यात गाठलं. आवाज जरा चढलाच असेल, कारण वरचा भाडेकरू दार उघडून पुन्हा घाईघाईनं आत गेला. शेवटी करार झाला. दिवाळीपर्यंत मुदत. तोवर लाकडं आम्ही सासरा-सून मिळून कापायची, रोज बंब पेटला पाहिजे, आणि नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान बंबाच्या पाण्यानं झालं पाहिजे. एक दिवस जरी खंड पडला, तर पाडव्याला बंब तांबटाकडे.

‘‘आणि हात-पाय शाबूत राहिले पाहिजेत,’’ नवरा म्हणाला. ‘‘दोघांचेही.’’

मामंजींना हे सांगितलं तेव्हा ते उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : ‘‘तुला कापता येतंय का काही? भाजी कापताना तुझं अर्धं बोट जातं.’’ मला बरं वाटलं.

त्यांनी लगेच हातकरवत काढली आणि एका फांदीत मनगट सुजवून घेतलं. माझा खांदा आधीच आखडलेला. बंबाच्या नळकांड्यात वीतभर लांबीचेच तुकडे जातात, म्हणजे एका फांदीचे किती काप! तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं. करार करून बसलेल्या नवऱ्यालाही राहवेना. तो विरुद्ध पक्षाचा असून रात्रंदिवस मोबाइलवर चेनसॉ बघू लागला. पेट्रोलचा, विजेचा, बॅटरीचा. त्यानं मला साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीची लांबी, साखळीचा वेग, वजन असं सगळं ऐकवलं आणि वर स्वतः कॅनडातल्या एका लाकूडतोड्याचे व्हिडिओ बघून त्याच्या झाडांची काळजी करू लागला.

राणीगंजच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. दुकानदार फक्त नवऱ्याशी बोलत होता. त्यानं एक नारिंगी, भला दांडगा पेट्रोलचा चेनसॉ काउंटरवर ठेवला. ‘‘साब, ये लेलो. पूरा जंगल साफ कर देता.’’

‘‘जंगल नहीं है. एक नीम है, वो भी गिर चुका,’’ मी म्हटलं.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘अम्मा, चलाएगा कौन?’’

‘‘अम्मा.’’

त्यानं सुरू करायची दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली, मशीन ढिम्म, खांद्यातून मात्र कळ निघाली. शिवाय पेट्रोलमध्ये मापानं तेल मिसळा, रोज वास घ्या, आणि तो आवाज ऐकून अख्खं नल्लकुंटा गोळा करा. बॅटरीचा हलका होता, पण चार फांद्या कापून चार्जिंगला ठेवायचा. राहिला विजेच्या वायरीचा, आखूड पट्टीचा. मामंजींनी तो उचलला, काठी नवऱ्याकडे देऊन दोन्ही हातांत धरला, थोडा खाली-वर केला. खात्यात असताना ते पंप तपासून घेत, तोच चेहरा. ‘‘हा घे. याचा तोल चांगला आहे. तो नारिंगी म्हणजे नाकापेक्षा मोती जड.’’

दुकानदारानं निघताना एकच बजावलं, ‘‘तेल के बगैर नक्को चलाना अम्मा. पेट्रोलवाला रहो या करंटवाला, चेन को तेल होना. नहीं तो पट्टी जल जाती.’’ मी मान डोलावली. पोरांनी अशीच डोलावलेली मान मी आयुष्यभर ओळखत आले आहे, पण आपली आपल्याला कुठे दिसते!

मग आमचं कापकाम सुरू झालं. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे, मुलाचे जुने क्रिकेटचे पॅड मांड्यांवर चढवलेले, आणि पदर कमरेला खोचायचा प्रश्नच नको म्हणून पंजाबी ड्रेस. फांदी ठेवायला सुतारानं लाकडी घोडा करून दिला. मामंजी खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत. ‘‘घाई नक्को. जोर नक्को देऊ, मशीनच्या वजनानं कापू दे. टोक लावू नक्को, टोक उसळतं.’’ नवऱ्यानं एक दिवस खिडकीतून पाहिलं की वायर माझ्या पायात येते आहे. तो आला, वायर उचलली आणि लग्नात करवली शेला धरून चालते तसा माझ्या मागे उभा राहिला. ‘‘मी करारात नाही,’’ म्हणाला. ‘‘फक्त वायर धरतो.’’

शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. ‘‘एमिटंडी मॅडम, ई सप्पुडु?’’ कसला हा आवाज, म्हणून विचारत होत्या. मी गॉगल वर केला. त्या माझ्याकडे, पॅडकडे आणि नवऱ्याच्या हातातल्या वायरीकडे बघत राहिल्या, आणि मग आत जाऊन आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं. पुढे कितीतरी दिवस तो गृहस्थ मला आधी नमस्कार करायचा.

एका सकाळी खाडकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि साखळी बोंबलायला लागली. बंद करून, वायर काढून बघितलं, तर फांदीच्या पोटात खिळा. सासूबाईंनी वाळवणाच्या दोरीसाठी कधीकाळी ठोकलेला. झाडानं तो गिळून टाकला होता. ‘‘बघा, अजून माझ्या कामात खोडे घालताहेत,’’ मी म्हणाले. मामंजींनी खिळा उपसून काढला, धोतराला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

साखळीचे दात मात्र बोथट झाले. बोथट साखळी कशी ओळखायची ते आम्हाला तेव्हा कळलं : धार असली की ढलप्या उडतात, नसली की पिठासारखा भुसा पडतो आणि धूर येतो. गोल कानस आणली. धार लावायचं खातं मामंजींनी घेतलं. रोज दुपारी जाड चष्मा लावून, पट्टी पाटावर टेकवून ते बसत. एकेका दाताला सारख्याच ओढी, नेहमी आतून बाहेर. सुरुवात कुठून केली ते विसरू नये म्हणून पहिल्या दाताला कुंकवाचं बोट. मग साखळी ताणून बघायची. पट्टीला नीट बिलगलेली हवी, पण हातानं ओढली तर सरकायला हवी. तेलाची टाकी भरायची. मी मधे तोंड घातलं की म्हणत, ‘‘तू फक्त काप. डोकं मी लावतो.’’ दुपारची झोप गेली, भूक वाढली, आवाज चढला. आमचं पुन्हा रोज वाजू लागलं. मी फार सुखात होते.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पुजतात. पक्कड, विळी, कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप, गेली कित्येक वर्षं माझी लाकडी पट्टी आणि कंपास. पुजलं की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यंदा मधोमध चेनसॉ. आदल्या दिवशी मामंजी बंब चिंचेनं घासत होते. बंब असा लखलखला की त्यांना जोर चढला, आणि उरलेल्या चिंचेनं त्यांनी चेनसॉची पट्टी आणि साखळीही घासली. दाता-दातात चिंच. मग वर तांब्याभर पाणी. मला वाटलं, हे खात्यातले, यांना माहीत असेल. त्यांना वाटलं, ही गणिताची, चूक असती तर बोलली असती. आम्ही दोघंही त्या चकचकीत पोलादाकडे कौतुकानं बघत बसलो.

पुढचं पाप माझं. एवढ्या मशीननं आमची लाज राखली म्हणून मी हात सैल सोडला. ओल्या हळदीचे पट्टे, कुंकू, मूठभर अक्षता, पट्टीला झेंडूची माळ. अक्षता पट्टीच्या खाचेत गेल्या, हळद तेलाच्या भोकात. दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, आणि लाकूड पुष्कळ कापलेलं असल्यामुळे आम्ही देवाचा प्रसाद असलेला तो चेनसॉ तसाच खोक्यात घालून ठेवला.

दिवाळीला चार-दोन दिवस उरले. नणंद सहकुटुंब येणार, म्हणजे लाकूड जास्त हवं. मी खोकं उघडलं. पट्टी तपकिरी, साखळी तांबडीलाल, आणि अक्षता हळदीत भिजून सिमेंटसारख्या बसलेल्या. बटण दाबलं तर आत नुसतं गुरगुरणं. साखळी तसूभर हलेना, वास मात्र सुटला. मी झटकन वायर उपटली.

मामंजी बघत होते. ‘‘चिंच,’’ म्हणाले.

‘‘अक्षता,’’ मी म्हणाले.

‘‘त्याला सांगू नक्को,’’ ते म्हणाले.

नवरा काचीगुड्याला स्टेशनवर बहिणीच्या परतीच्या तिकिटांचं बघायला गेला होता. आम्ही दोघं चोरांसारखे न्हाणीत बसलो. मी केसांतला आकडा काढला आणि पट्टीच्या खाचेतून एकेक अक्षत उकरली. सुईनं तेलाचं भोक मोकळं केलं. मामंजींनी जुन्या टूथब्रशनं साखळी घासली, पण सांधे आखडलेले. ‘‘रात्रभर तेलात मुरायला पाहिजे,’’ म्हणाले. मला हाताशी मिळाला तो फराळाचा स्टीलचा डबा. त्यात साखळी वेटोळं करून ठेवली, वर मशीनचं तेल, घट्ट झाकण. डबा लपवायला सर्वांत सुरक्षित जागा कोणती? दिवाळीत डब्यांच्या गर्दीत एक डबा! मी तो फडताळात चकलीच्या डब्याशेजारी ठेवला.

नवऱ्याला फराळ चाखायची वाईट खोड आहे, हे त्याच्याशी संसार केलेल्या बाईनं विसरावं, म्हणजे कमाल झाली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आले तर तो फडताळाशी उभा, झाकण एका हातात. मामंजी दारात, काठीला धरून. नवरा बराच वेळ डब्यात बघत राहिला. तेलात बुडालेली, वेटोळी घातलेली साखळी. मग त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

झाकण लावून त्यानं डबा जागेवर सरकवला. ‘‘ही चकली जरा जास्त तळली गेली,’’ म्हणाला. ‘‘उद्या सकाळी वायर धरायला किती वाजता येऊ?’’

आमचं लग्न झालं तेव्हाही मला तो इतका आवडला नव्हता.

साखळी सुटली. एक-दोन सांधे कुरकुरले, मामंजींनी सगळ्या दातांवरून पुन्हा कानस फिरवली, कुंकवाचं बोट मात्र लावलं नाही. या खेपेला नवऱ्याच्या पेनाची शाई लावली. घोड्यावर पहिली फांदी ठेवली आणि बटण दाबलं. पिवळट ढलप्या माझ्या पॅडवर येऊन आदळल्या. मामंजी खुर्चीवरून ओरडले, ‘‘जोर नक्को!’’ त्यांचा आवाज पार शेजारच्या गॅलरीत गेला असेल.

नरकचतुर्दशीला मला जाग आली ती कडुनिंबाच्या धुराच्या कडवट वासानं. बाहेर अजून झुंजुमुंजू होत होतं. मामंजी बंबापुढे पाटावर बसले होते, वीतभर लांबीचा एकेक तुकडा नळकांड्यात सोडत. सगळे आम्ही कापलेले. नणंदेनं सगळ्यांना तेल लावलं. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बंबाच्या रांगेत उभा राहिला. गिझरचं त्यानं नावही काढलं नाही, आणि तांबटाचंही नाही.

मामंजींनी तोटी उघडली आणि पहिली बादली भरली. न्हाणीच्या दाराशी ठेवली. मी सवयीनं ताटली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बाजूला भिंतीला टेकवून ठेवली.

‘‘घे,’’ म्हणाले.

मला कळलंच नाही. ‘‘काय?’’

‘‘निवतंय. पहिलं पाणी तुझं. जा.’’

मी नणंदेकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्याला लावला होता. मी बादली उचलली, आत गेले, कडी लावली आणि तिथेच उभी राहून रडले. मग पहिला तांब्या अंगावर घेतला. आई गं! खांद्यापासून टाचेपर्यंत नुसती आग.

बाहेरून काठीचा आवाज आला. ‘‘विसण देऊ का?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘बरोबर आहे.’’

‘‘झूट बोलतेस,’’ मामंजी म्हणाले, आणि दाराच्या फटीशी गार पाण्याचा तांब्या ठेवला.

मी तो आत घेतला नाही.